गोठ्यातील मोटार

सीना नदीच्या खोऱ्यात, सोलापूर-मोहोळ रस्त्यापासून थोडे आत आमचे शेत आहे. शेतात एक विहीर आहे आणि विहिरीच्या वरच्या अंगाला, उतारावर, जुना दगडी गोठा आहे. या गोठ्यात दोन बैल, एक म्हैस आणि एक मोटारगाडी अशी चौघांची वस्ती पुष्कळ वर्षे होती. बैल बदलले, म्हैस बदलली; मोटार मात्र १९८९ सालापासून जागची हलली नव्हती. तिच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या जात. मागील आसनात उंदरांनी बिळे केली होती, आणि पुढील आसन एका कोंबडीने अंडी घालण्यासाठी कायमचे पसंत केले होते.

ही गाडी माझ्या थोरल्या काकांची. ते डॉक्टर होते. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्या काळी दुसरा डॉक्टर नव्हता, म्हणून १९५८ साली त्यांनी ही फियाट ११०० जातीची मोटार घेतली. तिचा देह गोलसर, नाकाड पुढे आलेले. त्यामुळे महाराष्ट्रात लोक तिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिच्या पुढील दारांची बिजागरी मागच्या बाजूला असे. घराचे दार जसे एका बाजूने उघडावे आणि आपल्याला मात्र ते उलट्या बाजूचे वाटावे, तशी तिची दारे उघडत. आज अशी गाडी क्वचितच दृष्टीस पडते.

या मोटारीच्या कुळाची कथाही सोलापूरशी जोडलेली आहे. थोर उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. परदेशी जहाजांवर अवलंबून असलेल्या देशात त्यांनी १९१९ साली स्वदेशी जहाज कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना सुरू करण्यात त्यांचाच वाटा मोठा होता. मोटारीही आपल्या देशात तयार व्हाव्यात, या ध्यासाने त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना होता. वालचंद १९५३ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी, इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने, या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. म्हणजे आमच्या गोठ्यातील त्या धूळ खात पडलेल्या यंत्रामागे एका सोलापूरकराचे स्वप्न उभे होते. परंतु हे सारे मला फार उशिरा उमगले.

२०१७ साली मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो आणि शेतावर राहू लागलो. गोठा मोकळा करावा म्हणून मोटार भंगारात विकण्याचे ठरविले. भंगारवाला आला, लोखंडाचे वजन किती भरेल याचा त्याने अंदाज केला आणि भाव सांगितला. त्याच वेळी शेजारच्या वस्तीवरील एक शेतकरी कडबा नेण्यासाठी आला होता. आमचे बोलणे ऐकून तो मोटारीजवळ गेला, मागील दारावर हात ठेवून काही वेळ स्तब्ध उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, माझा जन्म या गाडीत झालाय. आई अजून सांगते.”

ती हकिगत अशी होती. १९६७ सालच्या पावसाळ्यात काका एका अडलेल्या बाईला घेऊन रात्री सोलापूरच्या रुग्णालयाकडे निघाले. वाटेत ओढ्याला पूर आलेला. पुढे जाता येईना, मागे फिरावे तर वेळ नव्हता. अखेर कंदिलाच्या उजेडात, मोटारीच्या मागील आसनावर, काकांनी त्या बाईची सुटका केली. ते बाळ आता पन्नाशीचे होऊन माझ्यासमोर उभे होते.

मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठविले. लोखंडाचे वजन तराजूने करता येते, परंतु त्या लोखंडाने केलेल्या कामाचे वजन कशाने करावे?

अशा रीतीने मोटार दुरुस्त करण्याचे ठरले. तथापि ठरविणे सोपे आणि करणे कठीण. तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री होते. तरुणपणी त्यांनी याच जातीच्या शेकडो गाड्या हाताळल्या होत्या. ते आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली आणि पहिला उपदेश केला, “गुरुजी, आधी काही खोलू नका. आधी बघा, आणि लिहून ठेवा.”

हा उपदेश मला शिक्षक म्हणून तत्काळ पटला. मोटारीत लहानमोठे हजारो भाग असतात. एकदा ते सुटे झाले, की कोणता बोल्ट कोठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून मी एक हजेरीपत्रक तयार केले. काढलेल्या प्रत्येक भागाला क्रमांक दिला, त्याचे नाव, जागा आणि स्थिती लिहिली, काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले आणि तो भाग क्रमांक लिहिलेल्या डब्यात ठेवला. शाळेत मुलांची हजेरी घेतली तशी अडीच वर्षे मी लोखंडाची हजेरी घेतली. पुढे जोडणीच्या वेळी या वहीने आमचे किती श्रम वाचविले, ते सांगता येणार नाही.

त्यानंतर गंजाचा प्रश्न आला. गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने तयार होणारा तांबूस पदार्थ. तांब्याच्या भांड्यावरील किंवा ॲल्युमिनियमवरील थर आतील धातूला काही अंशी झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतील ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून गंज थांबत नाही. तो आत आत खात जातो. सोलापूरचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. येथील कोरड्या हवेमुळे मोटारीचे टप आणि दारे बऱ्यापैकी शाबूत राहिली होती. कोकणात ती इतकी वर्षे टिकली नसती. परंतु चाकांखालची काळी माती ओलावा धरून ठेवते. त्यामुळे गाडीचा तळ मात्र जागोजागी पोखरला होता. उलट, येथील उन्हाने लोखंडाला वाचविले असले तरी रबराला सोडले नव्हते. ऊन आणि हवा यांमुळे रबर कडक होते व त्याला भेगा पडतात. टायर, नळ्या, काचांभोवतीच्या पट्ट्या, सारे काही पापडासारखे मोडत होते.

मोठ्या पत्र्यावरचा गंज आम्ही तारेच्या ब्रशाने आणि काचकागदाने घासून काढला. लहान भागांसाठी मिस्त्रींनी विजेची युक्ती योजली. प्लास्टिकच्या टोपात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळविला. गंजलेला भाग बारा व्होल्टच्या विद्युत्घटाच्या ऋण टोकाला जोडला, साध्या लोखंडाची एक पट्टी धन टोकाला जोडली आणि दोन्ही एकमेकांना न लागतील अशी पाण्यात सोडली. थोड्याच वेळात बुडबुडे येऊ लागले. दुसऱ्या दिवशी गंज सैल होऊन ब्रशाने सहज निघाला आणि खालचे चांगले लोखंड जसेच्या तसे राहिले. या क्रियेत हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून हे काम उघड्या अंगणात, आगीपासून दूर आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावयाचे असते.

पोखरलेला तळ कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने बसविला आणि त्यावर रेडऑक्साइडचा थर दिला. गंजावर नुसता रंग फासणे म्हणजे किडलेल्या दातावर सोन्याचे टोपण बसविण्यासारखे आहे. वरून चकाकी दिसते, आत कीड वाढतच असते.

आता इंजिनाकडे वळू. या मोटारीच्या इंजिनात चार नळकांडी असतात. त्यांची एकूण क्षमता १०८९ घनसेंटिमीटर. प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. पहिल्या खेपेस तो खाली जाताना पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढतो; दुसऱ्या खेपेस वर येताना ते दाबतो; मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो; चौथ्या खेपेस तो वर येताना जळलेला वायू बाहेर घालवितो. चार खेपांपैकी एकच खेप शक्ती देते. उरलेल्या तीन खेपा तिची पूर्वतयारी आणि नंतरची सफाई करतात. अभ्यासाचेही असेच नाही काय?

आमच्या मोटारीतील दट्ट्ये गंजामुळे नळकांड्यांत घट्ट बसले होते. जोर लावला असता तर ते फुटले असते. मिस्त्रींनी ठिणगीचे प्लग काढले, प्रत्येक छिद्रातून तेल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडले आणि ते घरी निघून गेले. पंधरा दिवस ते केवळ येऊन थोडे तेल घालीत आणि परत जात. मी अस्वस्थ होऊन विचारले, “मिस्त्री, काम कधी सुरू करायचे?” ते हसून म्हणाले, “काम सुरूच आहे, गुरुजी. तेल काम करतंय.” सोळाव्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही ती हळूहळू पुढे-मागे हलविली. एकाएकी आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि दट्ट्ये सुटले.

मग इंधनाचा मार्ग साफ केला. टाकीतील जुने पेट्रोल सुकून डिंकासारखे झाले होते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल एका सूक्ष्म छिद्रातून येते आणि वेगाने वाहणाऱ्या हवेत तुषाररूपाने मिसळते. ते छिद्र बुजले, की इंजिन उपाशी राहते. या ठिकाणी मला बर्था बेंझ या जर्मन स्त्रीची आठवण होते. तिचे पती कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारगाडीचे एकस्व घेतले, परंतु लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर मोटारीने गेली. वाटेत इंधनाची नळी बुजली, तेव्हा तिने टोपीच्या टाचणीने ती मोकळी केली. इंधन संपले, तेव्हा औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. आम्ही टाचणीऐवजी तांब्याची बारीक तार वापरली, एवढाच काय तो फरक! जुन्या रबरी नळ्याही आम्ही बदलल्या. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांमधूनही ते तयार होते. उसापासून इंधन मिळते ही आनंदाची गोष्ट, परंतु जुन्या पद्धतीचे रबर इथेनॉलला टिकत नाही, म्हणून त्याला साजेशा नव्या नळ्या घालाव्या लागतात.

येथवर सर्व काही ठीक चालले होते. यापुढे जे घडले, त्याचा दोष सर्वस्वी माझा आहे.

मिस्त्रींनी मला बजावले होते, “गुरुजी, चालू करायची घाई करू नका. आधी ती थांबते का, ते बघू.” ते एका लग्नासाठी परगावी गेले. घरी पुतण्याची मुले आलेली होती. इंजिन जुळवून तयार होते आणि मला मोह आवरला नाही. चाकापुढे एक दगड ठेवून, मोटार गोठ्याच्या दारात उभी असतानाच मी ती सुरू केली. तीस वर्षांनी इंजिन धडधडले! मुलांनी टाळ्या पिटल्या. परंतु त्या धडधडीने चाकापुढचा दगड निसटला आणि मोटार उतारावरून विहिरीच्या दिशेने घरंगळू लागली. मी ब्रेकवर पाय दिला. तो कोणताही विरोध न करता थेट तळाला टेकला. हाताचा ब्रेक ओढला. त्याची गंजलेली तार तुटून मूठ हातात आली. गांगरून गेलेल्या मला गिअर टाकण्याचेही सुचले नाही. विहिरीच्या अलीकडे कडब्याची गंज रचलेली होती. मोटार तिच्यात नाक खुपसून थांबली. मी उतरून पाहिले, तेव्हा विहिरीचा काठ तेथून पाच-सहा पावलांवर होता. आणि उतारावर, मोटारीच्या वाटेच्या अगदी कडेला, टाळ्या वाजविणारी मुले आता निःशब्द उभी होती.

पस्तीस वर्षे मी मुलांना सबुरीचे धडे दिले होते. त्या संध्याकाळी तो धडा मलाच पुन्हा गिरवावा लागला. मिस्त्री परत आले, त्यांनी गंजीत रुतलेली मोटार पाहिली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी मुकाट्याने चारही चाके काढली आणि ब्रेकचे काम हाती घेतले.

ब्रेक निकामी का झाले होते, हे समजून घेण्यासारखे आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात सांगितला. मोटारीचे ब्रेक याच नियमाने चालतात. पायाने दिलेला दाब नळ्यांतील तेलातून चारही चाकांपर्यंत जातो आणि तेथील पट्टे चाकाच्या ढोलाला आतून घासून त्याची गती रोखतात. परंतु ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे ते न बदलल्यास आतील धातू गंजतो, रबरी टोपणे फाटतात, तेल गळून जाते आणि दाब पोहोचविण्यास काहीच उरत नाही. आम्ही सर्व नळ्या, टोपणे आणि पट्टे नवे बसविले. बर्था बेंझनेही त्या प्रवासात एका चर्मकाराकडून आपल्या गाडीच्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडे बसवून घेतले होते, असे सांगतात. यंत्राला गती देणारा मनुष्य हुशार खरा. परंतु त्याला थांबविण्याची सोय आधी पाहणारा अधिक शहाणा.

सुटे भाग कोठून मिळाले, असे तुम्ही विचाराल. फियाट ११०० चीच पुढील पिढी म्हणजे १९७० च्या दशकापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली गेलेली मोटार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या बहुतांशी याच जातीच्या होत्या. त्यांतील अखेरच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाल्या. इंजिनाचे आकारमान तेच असल्यामुळे पद्मिनीचे कित्येक भाग आमच्या गाडीच्या उपयोगी पडले. जे मिळाले नाहीत, ते सोलापुरात करवून घेतले. यंत्रमागांचे सुटे भाग घडविणारे कुशल कारागीर या शहरात आहेत. अशाच एका लेथवर काम करणाऱ्या वृद्ध कारागिराने झिजलेला नमुना बोटांनी चाचपून हुबेहूब नवा भाग घडवून दिला. त्या बोटांतील विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. तो कारागीर आणि आमचे मिस्त्री यांच्यामागे ती शिकणारे कोणी नसेल, तर एक दिवस मोटारी राहतील आणि त्यांना जागे करणारे हात राहणार नाहीत.

शेवटी रंगाचे काम निघाले. रंगारी म्हणाला, “सगळंच नवं करून टाकू, गुरुजी. दारांच्या मुठीसुद्धा चकचकीत मिळतात.” येथे जुन्या वस्तूंच्या जतनातील एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले पाहिजे. जीर्णोद्धार म्हणजे सर्वच नवे करणे नव्हे. जेथे सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तेथे नवे घालावे: ब्रेक, टायर, विजेच्या तारा. उंदरांनी कुरतडलेल्या तारांमुळे आग लागू शकते; तेथे जुन्याचा मोह कामाचा नाही. परंतु जो भाग अद्याप काम करू शकतो, तो झिजलेला असला तरी राखावा. कारण ती झीज हाच त्या वस्तूचा इतिहास असतो. गड-किल्ल्यांची डागडुजी करताना जुने दगड शक्य तितके जपले जातात, ते याच कारणाने. आम्ही गाडीला तिचा मूळचा फिका करडा रंग दिला, मागील आसनाच्या जुन्या स्प्रिंगा राखून वरचे आवरण नवे शिवले. आणि मागील दाराची झिजलेली मूठ तशीच ठेवली.

कायद्याचेही पाहावे लागले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी केंद्र शासनाने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार अशा गाडीची नोंदणी दहा वर्षांसाठी होते. प्रदर्शने, मेळावे, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठी तिला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. हे योग्यच आहे. जुन्या इंजिनाचा धूर अधिक असतो आणि म्हाताऱ्या माणसाला रोज नांगराला जुंपू नये.

काम पूर्ण झाले, त्या दिवशी आमच्या शेतावर मिस्त्री, रंगारी, शेजारपाजारचे लोक आणि मुले असे सर्व जमले. तो शेतकरीही आला. त्याच्याबरोबर त्याची आई होती. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू झालेली. मुलाने हात धरून तिला मोटारीजवळ आणले. तिने मागील दार चाचपले आणि तिचा हात त्या झिजलेल्या मुठीवर येऊन थांबला.

“हीच,” ती म्हणाली. “त्या राती हीच मूठ धरून बसले होते.”

त्या क्षणी कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी दार उघडले. मायलेक मागच्या आसनावर बसले. मी पुढे बसलो. आधी ब्रेकवर पाय देऊन तो घट्ट लागतो की नाही हे पाहिले आणि मगच किल्ली फिरविली. विहिरीच्या बाजूने न जाता, गोठ्याला एक लांब वळसा घालून मोटार संथपणे बांधाच्या वाटेला लागली. मुले मागे धावत होती, आणि त्यांच्यामागून आपले आसन गमावलेली ती कोंबडी.